खिडकीपुढची थप्पी

पटले मॅडमची खुर्ची कुठे आहे हे पाहून आम्ही दिवस किती चढला ते सांगायचो. सकाळी ती कपाटाला टेकलेली असायची, जेवणाच्या सुट्टीत खोलीच्या मधोमध आणि चहा यायच्या सुमारास दारापाशी. आमच्या राइस मिलच्या ऑफिसला दक्षिणेकडे एकच मोठी खिडकी होती. थंडीच्या दिवसांत तिच्यातून उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडायचा आणि दिवसभर हळूहळू सरकत राहायचा. त्याच्यामागे मॅडम. मांडीवर गेटपासचं पुस्तक, खांद्यावर शाल, आणि थोड्या थोड्या वेळाने फरशीवरून खुर्ची ओढल्याचा कर्र असा आवाज. नवा माणूस त्या आवाजाने दचकायचा. मीही पहिल्या दिवशी दचकलो.

"काऊन रे, भूत पाहिलं का?" त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, मॅडम, तुमचं टेबल तर तिकडे आहे. त्यावर चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "टेबल तिकडं आहे, ऊन इकडं आहे. मी काय टेबलाले बांधलेली होय?" मग जरा थांबून, "हिशेबाले आला ना तू? बस. अन् उन्हात उभा नको राहजो, सावली पडते."

मिल गोंदियाहून नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. मी तिथे कॉम्प्युटर आणि टॅक्सचं काम पाहायला लागलो होतो. मॅडमकडे गेट होतं. धानाची कोणती गाडी आली, किती पोती उतरली, तांदळाची कोणती गाडी बाहेर गेली, हे सगळं त्यांच्या सहीशिवाय हलत नसे. आवाज असा की वजनकाट्यावरच्या ड्रायव्हरला त्या खुर्चीत बसल्या बसल्या झापायच्या आणि तो तिथूनच "हो मॅडम" म्हणायचा. वय पन्नाशीचं. लग्न केलं नव्हतं. कोणी आगाऊपणे विचारलंच तर सांगायच्या, "पाहाले आला होता ना एक. मीच त्याले पाहून वापस पाठवला."

त्या काही साध्याभोळ्या नव्हत्या. संशयी होत्या, हट्टी होत्या, आणि हमालांच्या बाबतीत तर सरळ अन्याय करायच्या. पोतं फाटलेलं दिसलं की पुरावा नसताना आधी शिव्या. झनकलाल मुकादमाशी त्यांचं रोज भांडण व्हायचं. झनकलाल हमालांचा म्होरक्या, तोही तोंडाने काही कमी नव्हता. त्याने एखादी गोष्ट लपवली की त्या म्हणायच्या, "तू माणूस होय का ताडपत्री? सारं झाकूनच ठेवते!" आणि भांडण संपलं की त्याच्यासाठी अद्रकाचा चहा सांगायच्या. ऑफिसात कोणी उदास बसलेला दिसला तर त्याचीही सुटका नसे. "ऊठ, बाहेर जाऊन ये. माणूस म्हणजे काई बारदाना नाई, घडी करून कोपऱ्यात ठेवाले." बारदाना म्हणजे रिकामी पोती. आमच्याकडे त्याचे ढीगच्या ढीग कोपऱ्यात पडलेले असायचे, त्यामुळे बोलणं बरोबर लागायचं.

आता थप्पीचं सांगितलं पाहिजे. दिवाळीनंतर धान यायला लागतं. गोदाम भरलं की उरलेली पोती अंगणात फळ्यांवर एकावर एक रचतात आणि वरून ताडपत्री टाकतात. ही थप्पी. पहिल्या पोत्याला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, आणि ती जितकी चढेल तितके सगळे खूश, कारण चढती थप्पी म्हणजे चालती मिल. आमच्याकडे ही थप्पी बरोबर ऑफिसच्या खिडकीपुढे लागायची. आणि ती तिथे लावायला लावली होती खुद्द पटले मॅडमनी.

त्याचं कारण झनकलालने मला सांगितलं. मी यायच्या आधी थप्पी मागच्या भिंतीकडे असायची. एका हंगामात तिच्यातली पोती चोरीला गेली. थोरल्या शेठजींनी सगळ्यांना बोलावून विचारलं, त्यात मॅडमनाही विचारलं. नुसतं विचारलं, आरोप कोणीच केला नाही. पण मॅडमच्या ते जिव्हारी लागलं. पुढच्या वर्षी पहिली गाडी आली तेव्हा त्या स्वतः अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थप्पी माह्या डोळ्यापुढं लागंल. पाहतो कोन नेते ते." त्यानंतर एक पोतंही हललं नाही. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

हिवाळ्यात सूर्य खालून जातो आणि थप्पी वर जाते. त्या दोघांच्या मध्ये आमची खिडकी. पहिल्यांदा पोती खिडकीच्या कठड्याला लागत, मग गजांच्या निम्म्यावर येत, आणि पौषात बाहेर पाहिलं की तागाच्या पोत्यांशिवाय काही दिसत नसे. फरशीवरचा चौकोन आधी चटईएवढा असायचा, मग टॉवेलएवढा, मग रुमालाएवढा. मॅडमचा फेराही तेवढाच आखूड होत जायचा. शेवटी एक दिवस असा यायचा की चौकोन पडायचाच नाही. त्या दिवशी खुर्ची टेबलाशी परत जायची आणि कर्र आवाज बंद व्हायचा.

पहिल्या वर्षी मला वाटलं, बाईंना सर्दी झाली असेल. आवाज खाली गेला होता. चहा टेबलावर सायीसकट थंड व्हायचा. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून माझी चूक पकडणाऱ्या बाई एकाच पानाकडे कितीतरी वेळ पाहत बसायच्या. कोणी काही विचारायला आलं तर हातानेच "जा" म्हणायच्या. झनकलाल हसून म्हणाला, "मॅडमची बत्ती दरसाल गुल होते. थप्पी उतरली का लागते आपोआप." आम्हीही हसलो. आणि खरोखर तसंच झालं. फाल्गुनात धान मिलमध्ये जायला लागलं, थप्पी उतरली, खिडकीच्या वरच्या काचेतून उन्हाची एक पट्टी आत आली, आणि मॅडमनी खुर्ची ओढली. त्या दिवशी त्यांनी हमालांना ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून हमाल एकमेकांना म्हणाले, "आल्या, आल्या."

पण दरवर्षी त्यांना परत यायला उशीर होऊ लागला. मी हिशेबाचा माणूस, अशा गोष्टी माझ्या ध्यानात राहतात. एकदा मी सुचवलं की थप्पी जरा बाजूला घेऊ, हवं तर तिथे कॅमेरा लावू. त्या भयंकर चिडल्या. "ते थप्पी ज्या दिवशी माह्या डोळ्याआड जाईल ना, त्या दिवशी मले घरी पाठवजो." मग मी विषय काढला नाही. त्याच पौषात एका दुपारी मुनीम धानाची ओल मोजत होता. यंत्रात दाणे टाकले की आकडा येतो, आकडा जास्त आला की ते धान उन्हात पसरतात. मॅडम ते पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "धानात ओल दिसली का तुम्ही त्याले ऊन दाखवता. मले नाई दाखवत कोनी." आणि हसल्या. ते हसू मला आवडलं नाही. मुनीमही यंत्र उचलून निघून गेला.

मग छोटे शेठ आले. थोरल्या शेठजींचे चिरंजीव. रायपूरला राहून आलेले, बोलायला गोड आणि मनाने खरंच चांगले. कर्मचाऱ्यांचं मन कसं प्रसन्न ठेवावं याचं कुठलंसं शिबिर करून आले होते. "स्टाफ का मन अच्छा, तो काम अच्छा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी ऑफिस नवं करायचं ठरवलं आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? कोणी हीटर मागितला, कोणी मऊ खुर्ची. मॅडम म्हणाल्या, "काई नको." ऐन पौष होता. त्या महिन्यात त्यांना कोणी जेवलात का असं विचारलं असतं तरी उत्तर हेच मिळालं असतं. हेच छोट्या शेठनी फाल्गुनात विचारलं असतं तर बाईंनी त्यांना खिडकीपाशी उभं करून तासभर ऐकवलं असतं.

भिंती निळ्या झाल्या. टेबलांमध्ये आडोशाच्या फळ्या बसल्या, आणि वायरी नीट राहाव्यात म्हणून टेबलं फरशीला स्क्रूने आवळली. छताला प्लास्टिकच्या वेली लागल्या. खिडकीतून नाहीतरी पोतीच दिसत होती, वर धूळ येत होती, म्हणून तिच्यावर आतून प्लायवुड ठोकलं आणि प्लायवुडवर भिंतभर एक चित्र लावलं. समुद्रातून वर येणारा सूर्य. मागे ट्यूबलाइट, त्यामुळे तो रात्रंदिवस चमकायचा. "विंटर में सबको सनलाइट चाहिए," छोटे शेठ म्हणाले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. चित्र सुंदरच होतं, खोटं कशाला बोलू?

मॅडमची जागा बरोबर त्याच्यासमोर आली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा सूर्य वरतं काऊन नाई चढत?" सगळे हसले, छोटे शेठही हसले. मॅडम उत्तराची वाट पाहत होत्या.

फाल्गुन आला. बाहेर थप्पी उतरली, अंगणात ऊन मावेना. हमाल दर दिवशी ऑफिसच्या दाराकडे पाहायचे. पण आत काहीच बदललं नव्हतं, समुद्रातून सूर्य तेवढाच वर आला होता. नव्या खुर्चीला चाकं होती, ती ओढली तरी आवाज करत नसे, आणि मॅडम ती ओढतही नव्हत्या. चैत्र गेला, वैशाख गेला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत एसीखाली मॅडम शाल पांघरून बसल्या होत्या. चेहरा उतरला, गेटपासवर चुकीचे गाडी नंबर पडू लागले. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. झनकलाल मुद्दाम फाटकी पोती त्यांच्यासमोरून न्यायचा, निदान शिवी तरी घालतील म्हणून. त्या मान हलवायच्या. तो बाहेर येऊन म्हणाला, "भाऊ, यंदा बत्ती लागलीच नाई." या वेळी तो हसत नव्हता.

दिवाळी झाली आणि नवं धान आलं. थप्पी पुन्हा तिथेच लागली, कारण जागा ती ठरलेली. आता मॅडमना ती दिसतही नव्हती. ज्या थप्पीवर नजर ठेवायची म्हणून त्यांनी स्वतःची खिडकी पणाला लावली, ती त्या चमकत्या सूर्याच्या पाठीमागे चढत होती. त्या भिंतीकडे कान लावून बसू लागल्या. पाठीवरचं पोतं खाली पडलं की धप्प आवाज होतो. दर आवाजाला त्यांच्या पापण्या लवायच्या.

"ऐकून राहिला का?" एकदा त्यांनी मला विचारलं. "चढून राहिली. आता कठड्याले लागली."

मी बाहेर जाऊन पाहिलं. पोती बरोबर खिडकीच्या कठड्याला लागली होती. तसाच मी छोट्या शेठकडे गेलो आणि म्हणालो, ते प्लायवुड काढा, थप्पी हलवा, बाई बुडत चालल्या आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मनोजभाऊ, सबसे ज्यादा मेहनत उसी दीवार पे हुई है. उनको थोडी छुट्टी दे देते हैं ना." मॅडमनी सुट्टी घेतली नाही. त्यांची भाड्याची खोली गावातल्या एका बोळात होती. "घरी जाऊन कोनती भिंत पाहू?" त्या म्हणाल्या.

पौषातल्या एका दुपारी त्यांची खुर्ची रिकामी दिसली. शाल खुर्चीवर, चष्मा टेबलावर. आम्ही बाथरूम पाहिलं, वजनकाटा पाहिला, बॉयलरकडे धावलो. तेवढ्यात अंगणातून झनकलालची किंकाळी ऐकू आली. सगळे तिकडे पळालो. मॅडम थप्पीच्या माथ्यावर होत्या, अगदी कडेला, पाय खाली सोडून.

त्या बाजूने थप्पीला पोट सुटलं होतं. मधली पोती बाहेर फुगली की वरची रास केव्हाही ढासळते, म्हणून सकाळपासून हमालांना तिथे जायची मनाई होती. झनकलालने हात जोडले. "बाई, मागं सरका. पाया पडतो, मागं सरका."

"काऊन ओरडून राहिला रे?" वरून आवाज आला. तोच जुना आवाज, वजनकाट्यापर्यंत जाणारा. "उन्हात बसली मी."

वर्षभरानंतर तो आवाज ऐकला आणि मला एकदम बरं वाटलं, आणि त्याच क्षणी नजर त्या फुगलेल्या पोत्यांवर गेली. त्यांनी डोळे मिटून चेहरा वर केला होता. छोटे शेठ धावत आले. "मॅडम, नीचे आइए. जो बोलेंगी वो करूंगा."

"काई नको करू. एवढं ऊन जाऊ दे."

मग आम्ही नुसते उभे राहिलो. मशीन बंद झाली, गाड्या थांबल्या. मध्येच एक पोतं सरकलं, खाली येऊन फुटलं, आणि धानाची धार बराच वेळ सळसळत राहिली. मॅडमनी डोळे उघडून त्या सांडलेल्या धानाकडे पाहिलं, दुसऱ्याच कोणाच्या मिलमधलं असावं तसं. सूर्य शेजारच्या धुराड्याआड गेला तेव्हा त्या उठल्या आणि मागच्या शिडीने उतरल्या. झनकलाल खालून त्यांचं एकेक पाऊल पायरीवर ठेवून देत होता. माझ्याजवळून जाताना त्या थांबल्या. "इतके दिवस वरतं पडूनच होतं रे मनोज. ऊन. अन् कोनी सांगितलं नाई."

दुसऱ्या दिवशी नवेगाव बांधहून त्यांचे भाऊ आले आणि त्यांना घेऊन गेले. छोट्या शेठनी कारागीर बोलावला नाही. पेचकस घेऊन स्वतः भिंतीला भिडले, चित्र फाडलं, प्लायवुड उचकटलं. थप्पी पलीकडच्या भिंतीला गेली, तिथे चौकीदार बसला. टेबलांचे स्क्रू निघाले. आता आमच्याकडे ज्याला वाटेल तो खुर्ची उचलून उन्हात बसतो, आणि जेवणानंतर सगळ्यांनी थोडा वेळ अंगणात जायचंच, असा छोट्या शेठचा नियम आहे. कोणाकोणाला ते थेर वाटतात. वाटू देत. ऑफिस सजवायला कोणी निघालं की मी आता पहिला प्रश्न विचारतो, पौषात ऊन कुठे पडतं ते पाहिलंत का?

माघात मी मॅडमना आणायला गेलो. भावाच्या घरी अंगणभर लाखोरीची डाळ वाळत होती, ऊन इतकं लख्ख की डोळे दिपले. भाऊ म्हणाले, "दवा चालू आहे. डॉक्टर म्हनते टाइम लागंल. पन ते बाहेर येतच नाई. आतच राहते." मी आतल्या खोलीत गेलो. मॅडम खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी खिडकीचं सांगितलं, थप्पी हलवल्याचं सांगितलं, तुमची जुनी खुर्ची पोटमाळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे, म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "झनकलाल बरा आहे ना?" एवढंच विचारलं.

त्यांचा चेहरा नीट दिसावा म्हणून मी दार थोडं उघडलं. उन्हाची एक पट्टी खाटेपर्यंत गेली आणि त्यांच्या पावलांवर पडली. त्यांनी घाईने पाय वर ओढून घेतले आणि पांघरुणात झाकले.

"दार लोट. ऊन येऊन राहिलं."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी त्यांच्या हसण्याची वाट पाहत उभा राहिलो.

"मनोज," त्या अगदी हळू, विनवून म्हणाल्या. असा सूर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "दार लोट ना बाबू."

मी दार लोटलं.